अप्पांनी सांगितलेलं पुस्तक

१

लातूरच्या एमआयडीसीत रेवणसिद्धांची डाळमिल आहे. आठवड्याचे सहा दिवस तिथं शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. रविवारी मिल बंद असते. महिन्यातल्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात चौघं जमतात. मालक रेवणसिद्ध, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले अमरनाथ, कन्याशाळेच्या माजी मुख्याध्यापिका शिवगंगाबाई आणि निवृत्त पोस्टमास्तर संगमेश्वर, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं. चौघांत मिळून बीपीच्या गोळ्यांचे चार डबे आहेत, पण जमतात ते तब्येतीच्या तक्रारी करायला नाही. पुस्तकांसाठी जमतात.

रीत सोपी. नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांतलं एक प्रत्येकानं बाकीच्या तिघांना सांगायचं. ज्याला पटलं त्यानं ते मिळवायचं, वाचायचं आणि पुढच्याकडं सरकवायचं. नियम दोनच. शेवट सांगायचा नाही, आणि न वाचलेलं सांगायचं नाही. दुसरा नियम रेवणसिद्धांच्या कृपेनं आला. त्यांनी एकदा मागच्या कव्हरावरचा मजकूर वाचून एक कादंबरी ठोकून दिली होती आणि शिवगंगाबाईंनी त्यांना तिसऱ्याच प्रश्नाला पकडलं होतं. पुढचे चार महिने त्या गरिबाला कुणी सुखानं चहा पिऊ दिला नाही.

अप्पांची गोष्ट वेगळी. अप्पांनी सांगितलं म्हणजे डोळे झाकून घ्यायचं, असा त्यांचा लौकिक. आणि नेमकं त्याच अप्पांनी गेल्या अकरा महिन्यांत एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं.

बायको, सिंधु, लिंगैक्य झाल्यापासून त्यांना वाचताच येत नव्हतं. डोळे ठणठणीत होते. पुस्तक उघडायचे, दोन पानं व्हायची, तिसऱ्या पानावर कान आतल्या खोलीकडं लागायचे आणि मग ओळ काही पुढं सरकायची नाही. इतके महिने त्यांनी पूर्वी वाचलेल्यावर निभावून नेलं. मार्चच्या रविवारी तेही संपलं.

"बोला अप्पा," अमरनाथ म्हणाले. "लई वेळचे गप्प बसून राहिलाव आज. काय वाचलं?"

खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण मग तिघंही त्यांच्या खांद्यावर थोपटणार, आणि सिंधु गेल्यापासून थोपटून घेऊन घेऊन अप्पांचा जीव विटला होता.

"'ओसरीतली दुपार' म्हणून आहे एक," अप्पा म्हणाले. तोंडाला आलं ते नाव.

"कुणाचं?" शिवगंगाबाईंनी वहीत लिहून घेतलं.

"देवणीकडचं कुणीतरी आहे. नवीनच." देवणी हे सिंधूचं माहेर. तेच का सुचलं, कोण जाणे. "छोटंसंच आहे. एक माणूस ओसरीत वाचत बसलाय. आत त्याची बायको आजारी आहे. ती त्याला हाक मारते, आणि तो उठत नाही. तोच सगळं सांगतो आपल्याला. एवढ्या एका दुपारचं पुस्तक."

"का उठत न्हाई? वाईट हाय का माणूस?" रेवणसिद्धांनी विचारलं.

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "नाही," ते म्हणाले. "वाईट नाही."

"मग शेवटी?"

"शेवट सांगायचा नाही," अप्पा म्हणाले, आणि सगळे हसले. पकडणारा प्रश्न आलाच नाही.

२

अप्पा खोटं बोलले होते, पण मनानं रचून बोलले नव्हते. मागच्या एप्रिलमधली ती दुपार त्यांनी उचलली होती आणि पुढच्या खोलीची ओसरी केली होती, एवढंच.

सिंधूला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली होती. अप्पांनी त्या दोन वर्षांत तिचं सगळं केलं. न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलली. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. यात काही खोटं नाही. त्या दुपारी मात्र ते पुढच्या खोलीत वाचत बसले होते आणि कादंबरीची शेवटची वीसेक पानं राहिली होती. आतून हाक आली. "आलो, एवढं पान होऊ दे," ते म्हणाले. ते पान झालं, मग पुढचं झालं. पुस्तक संपवून, चष्मा पुसून ते आत गेले तेव्हा पाण्याचा पेला फरशीवर आडवा पडला होता आणि सिंधु दाराकडं तोंड करून निजली होती. डोळे उघडे होते.

नांदेडहून धावत आलेल्या मुलीला, अक्षराला, त्यांनी सांगितलं, "झोपेतच गेली माय. मी उशाशीच होतो. हात माझ्या हातात होता."

अक्षरा त्यांच्या गळ्यात पडून रडली होती. ती एकुलती एक. नांदेडच्या कॉलेजात शिकवते, नवरा सोमेश बँकेत. आईवर तिचा जीव होता, आणि आता जो काही जीव उरला तो सगळा अप्पांवर. रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन येतो. भेटेल त्याला सांगते, "शेवटपर्यंत अप्पांनी आईचा हात सोडला नाही." ते वाक्य ऐकलं की अप्पा विषय बदलतात. पण तिचा तो विश्वास गेला तर सहाचा फोनही जाईल, आणि मग या घरात आवाज म्हणून उरेल तो फक्त पंख्याचा. म्हणून ते गप्प राहत आले होते. जगात हे माहीत असलेलं एकच माणूस होतं, आणि ते अप्पा स्वतः.

३

एप्रिलच्या रविवारी अमरनाथांनी खुर्चीत बसायच्या आधीच सुरुवात केली.

"अप्पा, काय पुस्तक सांगितलाव हो! दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाई मला."

"कुठलं?"

"कुठलं म्हणून काय इचारता? 'ओसरीतली दुपार'. स्टँडामागच्या रद्दीवाल्याकडं सापडलं. एकच होतं."

अप्पांनी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. चाळीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांगितलेल्या माणसाचं तोंड, त्यावर थट्टेची एक सुरकुती नव्हती. तरी अप्पा मनात म्हणाले, पकडलं आपल्याला. तिघांनी मिळून ठरवलंय. रेवणसिद्धांना चार महिने छळलं तसं आता आपल्याला छळणार.

"आवडलं ना?" ते सावधपणे म्हणाले.

"आवडलं कसं म्हणू? पण तुम्ही एक चुकीचं सांगितलाव. म्हणे माणूस सांगतो. माणूस कुठं सांगतो? समदं ती बाईच सांगती की. आतून, पलंगावरून."

ऑफिसात पंखा फिरत होता. शिवगंगाबाई डब्यातून चुरमुऱ्यांचा सुशीला वाढत होत्या.

"दार वीतभर उघडं हाय," अमरनाथ म्हणाले. "त्या फटीतून तिला नवरा दिसतो. समदा न्हाई. नुसतं कोपर. अन् पान उलटलं की अंगठा. पुस्तकभर ती त्या कोपराकडं बघून राहिली, बघा. आन् ओसरी-बिसरी काय न्हाई त्यात. पुढली खोली हाय. लाल फरशीची."

अप्पांच्या घरातली फरशी लाल आहे. लातुरातल्या निम्म्या जुन्या घरांतली फरशी लाल आहे, असं अप्पांनी लगेच स्वतःला बजावलं. पण दाराबद्दल आपण या लोकांना काही बोललो होतो का, हे त्यांना आठवेना.

"लेखकाचं नाव काय होतं हो?" त्यांनी विचारलं.

"नाव न्हाई घातलेलं कुठंच. खाली नुसतं गाव हाय, देवणी." अमरनाथांनी बशी हातात घेतली, पण खाल्लं नाही. "मी काय करलालो माहिताय का आता? रात्री निजताना बायकोच्या उशाशी तांब्या भरून ठेवतो. ती म्हणती, येड लागलं का तुम्हाला. पस्तीस वर्षांत कदी ठेवला न्हवता."

"पुस्तक आहे का बरोबर?" अप्पांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"ह्यांना दिलं की," अमरनाथांनी रेवणसिद्धांकडं बोट केलं. रेवणसिद्धांनी मान हलवली. ते खाली बघत होते. एरवी प्रत्येक वाक्याला हसणारा हा माणूस त्या दिवशी एकदाही हसला नाही.

४

सोमवारी अप्पा स्टँडामागच्या रद्दीवाल्याकडं गेले. "असलं पुस्तक माझ्याकडं कदी आलंच न्हाई," तो म्हणाला. "अमरनाथ सायेब तर दोन म्हैन्यात फिरकले न्हाईत इकडं."

अप्पांना केवढं बरं वाटलं! थट्टाच होती तर. तिघांनी बसून रचलेली, चांगली मुरलेली थट्टा. दार, कोपर, लाल फरशी, सगळं अंदाजानं. अमरनाथ त्यांच्या घरी शंभरदा येऊन गेले होते, दार त्यांनी पाहिलेलं होतं. अप्पा मधेच थांबून उसाचा रस प्यायले, आणि तसेच रेवणसिद्धांच्या घराकडं वळले. आता आपण हसून शरण जायचं, म्हणायचं, पकडलंत बाबांनो, कान धरतो. मनातल्या मनात त्यांनी वाक्यसुद्धा जुळवलं.

रेवणसिद्धांच्या दिवाणखान्यात सोफा एका बाजूला सारलेला होता आणि त्या जागी लोखंडी पलंग होता. पलंगावर त्यांची आई, बसम्मा, नव्वदीच्या घरातली, उशांना टेकून बसली होती. आजवर तिचा पलंग मागच्या खोलीत असायचा, गहू-ज्वारीच्या पोत्यांशेजारी. अप्पांनी तिला पाच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"शरणार्थ, अप्पा. बसा," रेवणसिद्ध म्हणाले. "आईला इकडं आणलं. तिकडून तिची हाक ऐकू येत न्हवती."

"पुस्तक वाचलं?"

"वाचलं." रेवणसिद्धांनी आईच्या अंगावरची चादर सारखी केली. हा माणूस बाजारात कुणाला सुतळीचा तोडा सोडत नसे, आणि आता त्याचे डोळे भरून आले होते. "ती बाई नवऱ्याला नावानं हाक मारीत न्हाई, अप्पा. लक्षात हाय ना तुमच्या? 'ओ पोस्टमन' म्हणती. थट्टेनं. म्हणजे तो माणूस पोस्टात असंल."

अप्पांनी खुर्चीचा हात धरला.

सिंधु त्यांना पोस्टमन म्हणायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी सुरू झालेली थट्टा. पोस्टमास्तर झाले तरी सोडली नाही, म्हणून अप्पा चिडायचे, म्हणून ती चारचौघांत कधी म्हणाली नाही. घराचं दार लावलेलं असायचं तेव्हाच म्हणायची. अक्षरालाही ते ठाऊक नव्हतं.

"कुठं आहे ते? मला द्या. एकदा बघायचंय."

"शिवगंगाबाईंनी नेलं कालच," रेवणसिद्ध म्हणाले, आणि बराच वेळ अप्पांकडं बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. मग ते उठले, आत गेले आणि स्वतःच्या हातानं पाणी घेऊन आले. "घ्या. उन्हाचं आलाव."

पेला स्टीलचा होता. अप्पांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि तसाच खाली ठेवला.

५

त्या दिवसापासून अप्पांनी शिवगंगाबाईंना टाळलं. भ्याले, असंच म्हणायला हवं. पुस्तक आहे की नाही हे पाहण्यापेक्षा न पाहणं त्यांना सोपं वाटत होतं. मेच्या रविवारी ते ऊन लागल्याचं निमित्त करून मिलवर गेले नाहीत. घरात त्यांनी आतल्या खोलीचं दार पक्कं लावून घेतलं. सकाळी उठले की ते वीतभर उघडं असे. जुनं घर, सागवानी चौकट उन्हानं आकसते, कडी नीट बसत नाही, हे त्यांनी स्वतःला तीन-चारदा समजावलं. मग त्यांनी कडीत सुतळी ओवून गाठ मारली. सकाळी गाठ तशीच होती आणि दार उघडं होतं. सुतळी तेवढी लांब सुटली असेल, असं म्हणून अप्पा अंघोळीला गेले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शिवगंगाबाईच घरी आल्या. पुढच्या खोलीत शिरताना त्या उंबऱ्यावर थबकल्या. फरशीकडं पाहिलं, आतल्या दाराकडं पाहिलं, आणि दाराकडं पाठ होईल अशी खुर्ची निवडून बसल्या.

"अप्पा, मी नांदेडला लग्नाला गेले होते. अक्षरा भेटली तिथं."

अप्पांनी उठून पंखा लावला.

"पर्समध्ये ते पुस्तक होतं. तिनं पाहिलं. अप्पांनी सांगितलेलं आहे म्हटल्यावर म्हणाली, मावशी, असं कसं? सगळ्यांना सांगितलं आणि मलाच नाही. द्या की मला."

"आणि दिलंत तुम्ही?"

"मागितल्यावर काय म्हणू? माझं वाचून झालं होतं." त्यांनी मांडीवरची पर्स सारखी केली. "झालं होतं म्हणजे, शेवटचं पान सोडून. ते काही मी वाचलं नाही. ते वाचायचा हक्क आपला नाही, असं वाटलं मला. दुसऱ्याच्या घरातलं आहे ते."

इतकी वर्षं मुलींना खोटं बोलताना पकडलेल्या बाई. त्यांनी अप्पांना एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्यामुळेच अप्पांना कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे. अमरनाथांना आहे. रेवणसिद्धांना आहे. तिघांनी आपापल्या परीनं ते गिळलंय आणि दोस्त म्हणून तोंड मिटलंय. अप्पांना लाज वाटली, आणि तितकंच, खोटं कशाला बोला, हायसंही वाटलं. पण अक्षरा दोस्त नव्हती. ती सिंधूची मुलगी होती.

"कधी दिलंत?"

"काल दुपारी."

काल संध्याकाळी सहाला अक्षराचा फोन आला नव्हता. लग्नाच्या गडबडीत राहून गेला असेल, असं समजून अप्पा झोपी गेले होते.

६

शिवगंगाबाई जाताच अप्पांनी फोन लावला.

"हां अप्पा," अक्षरा म्हणाली. आवाज दूर कुठंतरी होता. "वाचतेय. तुमचंच पुस्तक. आता काही सांगू नका हं, थोडंच राहिलंय."

"बाळ, ऐक. ते ठेवून दे. फालतू आहे ते. मी उद्या येतो, दुसरं आणतो."

"फालतू?" ती हसली. "अप्पा, किती खरं लिहिलंय. मला सारखं वाटतंय, तो माणूस आता उठेल. प्रत्येक पानावर वाटतं." मग पान उलटल्याचा आवाज आला, आणि ती बोलायचं विसरूनच गेली. अप्पा बराच वेळ फोन कानाला लावून बसले. पलीकडं पानं उलटत होती, मधूनच एखादी धातूची वस्तू फरशीवर सरकल्यासारखं काहीतरी होत होतं. मग फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते निघाले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. खिडकीतून झळा येत होत्या, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं. अप्पा वाटभर स्वतःशी वाद घालत होते. एक म्हणजे असं पुस्तक असूच शकत नाही. दुसरं म्हणजे असलं तरी त्यात कुणाचं नाव नाही. घराघरांत बायका आजारी पडतात, पाणी मागतात, नवरे उशिरा उठतात. अक्षराला त्यात आपला बाप कशाला दिसेल? तिनं तर स्वतःच्या मनानं त्याला उशाशी बसवलंय. ती फार तर म्हणेल, किती दुष्ट माणूस, आणि पुस्तक कपाटात टाकेल. आपण फक्त तिच्या हातातून ते काढून घ्यायचं, आणि परत येताना एखाद्या नाल्यात टाकून द्यायचं.

नांदेड येईपर्यंत त्यांचा यावर जवळजवळ विश्वास बसला होता.

७

तरोड्यातल्या फ्लॅटचं दार नुसतं लोटलेलं होतं. सोमेश कामावर गेलेला. हॉलमध्ये पडदे ओढलेले होते, कूलर बंद होता, आणि अक्षरा खिडकीपाशी पाय वर घेऊन वाचत बसली होती. पुस्तक छोटंसंच होतं. अप्पांनी ते पहिल्यांदा पाहिलं. कव्हर फिकट, वर काही चित्र नाही.

"आलात? बसा," ती मान वर न करता म्हणाली. "मी थांबले होते तुमच्यासाठी. शेवटचं पान ठेवलंय. तुम्हाला वाचून दाखवावं म्हटलं."

"मी वाचलंय ते. दे इकडं. शिवगंगाबाईंना परत न्यायचंय."

"एकच पान आहे, अप्पा. बसा ना."

तिच्या आवाजात राग नव्हता, संशय नव्हता. आवडलेलं पुस्तक आवडत्या माणसाला ऐकवायचा उत्साह तेवढा होता, आणि तो अप्पांना चांगला ओळखीचा होता. लहानपणी ती अशीच हातात पुस्तक घेऊन पोस्टात धावत यायची. तिला काही कळलेलं नाही. अप्पांना देवाचे आभार मानावेसे वाटले. एक पान. ऐकायचं, छान आहे म्हणायचं, आणि घेऊन निघायचं. ते समोरच्या खुर्चीत बसले.

बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खुर्चीच्या डाव्या हाताला झोपायच्या खोलीचं दार आहे, आणि ते वीतभर उघडं आहे.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही. का हो?"

"काही नाही."

आत अंधार होता. फटीतून पलंगाचा कोपरा दिसत होता, लोंबणारी चादर दिसत होती. अप्पांनी हिशेब केला. त्या उशीवर डोकं असलं तर इथून काय दिसेल? खांदा नाही दिसणार. चेहरा नाही. त्यांनी खुर्चीच्या हातावरचं आपलं कोपर हळूच आत ओढून घेतलं आणि पोटाशी धरलं.

अक्षरा वाचू लागली.

"'तीन वाजले असतील. नळाला पाणी आलं होतं, शेजारची हांडे लावत होती. मला त्या पाण्याचा आवाज येत होता. पेला जवळच होता, पण माझा हात तिथवर जाईना. बोटानं ढकलून बघितला, तर खाली पडला. तो आवाज त्यांनी ऐकला, कारण त्यांचा अंगठा पानावर थांबला. मला वाटलं, आता उठतील. मग अंगठ्यानं पान उलटलं.'"

आतल्या खोलीत फरशीवर काहीतरी किंचित सरकलं. अक्षराला ते ऐकू आलेलं दिसलं नाही. अप्पांनी न बघायचं ठरवलं होतं, आणि तरी त्यांची मान वळली. फटीच्या खालच्या बाजूला, पलंगावरच्या उशीच्या उंचीवर, काहीतरी फिकट होतं. ते हलत नव्हतं. इकडं तोंड करून निजलेल्या माणसाचा चेहरा जेवढा असतो तेवढं होतं. अप्पांनी झटकन नजर मुलीकडं वळवली, आणि मग ती तिच्यावरून हलवलीच नाही.

"'वाईट नव्हते ते,'" अक्षरा वाचत होती. तिचा आवाज हळू झाला होता. "'लोक त्यांना चांगलं म्हणतात, ते खरंच आहे. मुलीला ते सांगतील की मी उशाशी होतो. सांगू देत, तिला बरं वाटेल. माझी तक्रार नाही. फक्त एक गोष्ट कुठंतरी लिहून ठेवलेली असावी. मी त्यांना नऊ हाका मारल्या.'"

"तीन," अप्पा म्हणाले.

अक्षरा थांबली.

"तीनच," अप्पा म्हणाले. वर्षभर दाबून धरलेलं आता त्यांना आवरेना. "नऊ कशा असतील? तीनच हाका ऐकल्या मी. बाकीच्या नाही ऐकू आल्या मला, खरंच नाही. आल्या असत्या तर मी उठलो असतो ना!"

अक्षरानं खाली पाहिलं. उरलेल्या दोन ओळींवरून तिचं बोट सावकाश फिरलं आणि पानाच्या तळाशी जाऊन थांबलं. त्या तिनं मोठ्यानं वाचल्या नाहीत. मग तिनं मान वर केली, आणि त्या मघाच्या उत्साहातलं काहीही आता तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"कुणाच्या, अप्पा?" तिनं विचारलं.